मासा अंडी घालायची जागा कशी ठरवतो? गाबोळी, पाऊस आणि दर्याच्या पाण्याबद्दल सविस्तर उत्तर

सोलापुरात समुद्राचे मासे विकणाऱ्या एका भावाने तीन प्रश्न एकदमच विचारलेत. एवढा मोठा समुद्र पडलाय तर मासा कुठंही अंडी घालत असेल, त्याला ठराविक जागा कशाला लागते? गाबोळी (पोटातली अंडी) भरलेला मासा वर्षातल्या ठराविक दिवसांतच गाडीत का दिसतो? आणि जागा ठरलेली असेल तर तेवढीच बंद ठेवा की, सगळा किनारा जून-जुलै बंद ठेवून आमचा धंदा का बसवायचा? मी बरीच वर्षं पश्चिम किनाऱ्यावर माशांची अंडी आणि लार्व्हा, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, गोळा करायच्या, मोजायच्या कामात होतो, आणि घर आपलं सोलापूरचंच, त्यामुळं हे उत्तर मला नीट द्यायचंय. लांब होईल, पण घाईत सांगण्यासारखी गोष्ट नाही ही.

आधी थेट सांगतो. मासा जागा निवडतो ती पिल्लासाठी. त्याला स्वतःला कुठंही पोहता येतं, पण अंड्याला आणि अंड्यातून निघालेल्या दोन-तीन मिलीमीटरच्या जीवाला पोहता येत नाही, पाणी नेईल तिकडं ते जातात. म्हणून तापमान, खारटपणा, प्रवाह, ऑक्सिजन आणि खाद्य हे सगळं एकाच वेळी जिथं जुळून येतं ती जागा. आणि हे सगळं पाण्यासोबत हलत असतं, दरवर्षी थोडं इकडं, थोडं तिकडं. तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ इथंच आहे.

भीमेवरच्या उजनी धरणापासून सुरू करू म्हणजे पटेल. भिगवण, इंदापूर, करमाळा बाजूच्या कुठल्याही जुन्या मच्छीमाराला विचारा, भीमेला पहिलं गढूळ पाणी आलं की रोहू, कटला, मृगळ फुगवट्यातून वर नदीकडं चढायला लागतात. धरणात पाणी भरपूर, खाद्य भरपूर, तरी साठलेल्या शांत पाण्यात हे मासे वीण करत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी, उथळ बुडालेलं गवत, गारवा हे सगळं लागतं. शेततळ्यात तर मादी अंड्यांनी फुगून बसते आणि अंडी सोडतच नाही. म्हणून तर १९५७ साली १० जुलैला हिरालाल चौधरींनी कटकला पिट्युटरी या मेंदूजवळच्या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या, माशांची वीण करून घेतली तेव्हा देशातल्या मत्स्यशेतीचं चित्रच पालटलं, त्याआधी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करायला लागायचं. सांगायचं हे की अंडी तयार असणं वेगळं आणि ती सोडायची परिस्थिती मिळणं वेगळं. समुद्रातही तसंच आहे, फक्त तिथं पुराची जागा दुसऱ्या गोष्टी घेतात.

पहिली गोष्ट तापमान. आपल्याला सोलापुरात हे समजायला जरा अवघड जातं कारण आपण मे महिन्यात ४३ अंश सोसतो आणि डिसेंबरच्या पहाटे स्वेटर घालतो, दोन अंश इकडं-तिकडं झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कोकणच्या समुद्रात पृष्ठभागाचं पाणी वर्षभर साधारण २६ ते ३० अंशांच्या आसपासच फिरतं. एवढ्या अरुंद पट्ट्यात जगणाऱ्या जीवाला दोन अंश म्हणजे लई मोठा फरक. त्यातही सगळ्यात नाजूक असतात अंडी आणि अंडी घालायला आलेली मोठी मादी. मोठी मादी नाजूक का, तर तिच्या पोटात एवढी गाबोळी असते की शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. २०२० मध्ये जर्मनीतल्या फ्लेमिंग डाल्के आणि सहकाऱ्यांनी गोड्या आणि खाऱ्या पाण्यातल्या मिळून ६९४ जातींची माहिती तपासली, त्यात हेच निघालं की एरवीचा प्रौढ मासा जेवढा तापमानाचा पट्टा सोसतो त्यापेक्षा वीण करणारा मासा आणि भ्रूण यांचा पट्टा खूपच अरुंद असतो. त्यांच्या हिशोबाने कार्बन उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर २१०० पर्यंत जवळजवळ ६० टक्के जातींना आजच्या विणीच्या जागी अडचण येईल. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण नेहमी मासा जगेल का एवढंच विचारतो, वीण कुठं करेल हे विचारत नाही.

तापमान अंडं फुटायचा वेळही ठरवतं. आपल्या उबदार पाण्यात तारलीचं अंडं साधारण एका दिवसात फुटतं, नॉर्वेच्या थंडगार पाण्यात कॉड या माशाच्या अंड्याला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे आपल्याकडचं अंडं प्रवाहात फार लांब जायच्या आत पिल्लू होतं आणि तिकडचं अंडं शेकडो किलोमीटर वाहून जाऊ शकतं, त्यामुळं तिकडच्या माशाला जागा निवडताना प्रवाहाचा हिशोब वेगळा धरायला लागतो. हिशोब म्हणजे मासा बसून काही विचार करत नाही, ज्यांनी चुकीच्या जागी अंडी घातली त्यांची पिल्लं उरली नाहीत, बरोबर जागी घालणाऱ्यांची उरली, हजारो पिढ्यांत ती सवय अंगात मुरली.

आता खारटपणा. घरी एक करून बघा, कोंबडीचं कच्चं अंडं साध्या पाण्याच्या ग्लासात टाकलं की तळाला जातं, पाण्यात मीठ ढवळत गेलं की एका टप्प्यावर ते वर यायला लागतं. समुद्रातल्या बऱ्याच माशांचं अंडं जेमतेम एक मिलीमीटरचं, काचेसारखं पारदर्शक, आणि त्याचं तरंगणं असंच पाण्याच्या खारटपणावर असतं. पाणी फार गोडं झालं की अंडं खाली बसतं, आणि खाली गाळ असेल, ऑक्सिजन नसेल, तर मेलं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण युरोपातल्या बाल्टिक समुद्राचं आहे. हा समुद्र वरून जवळजवळ गोडाच, खारटपणा दर हजारी सात-आठ, आपल्या अरबी समुद्राचा ३५-३६. तिथल्या पूर्वेकडच्या कॉडचं अंडं तरंगायला साधारण १४ लागतो, एवढं खारं पाणी फक्त खोल खड्ड्यांत असतं, आणि खड्ड्यांतल्या पाण्यात ऑक्सिजन संपत जातो. म्हणजे वर राहिलं तर बुडतं, बुडालं तर गुदमरतं, मधे एक पातळ थर आहे तिथंच जगतं. त्या थराची जाडी उत्तर समुद्रातून वादळांबरोबर आत येणाऱ्या खाऱ्या पाण्यावर ठरते. १९८० नंतर असे मोठे लोंढे कमी झाले आणि गोटलंड, ग्दान्स्कजवळचे खड्डे कॉडसाठी जवळजवळ बंद पडले, मुख्य करून बॉर्नहोमजवळचा एक खड्डा उरला. नकाशावर जागा तीच, खोली तीच, पण पाण्याची अवस्था गेली आणि विणीची जागाही गेली. मी कुणालाही हा विषय शिकवताना हेच उदाहरण आधी देतो.

आपल्याकडचे दोन मासे याच गोष्टीच्या दोन उलट बाजू दाखवतात. जिताडा वाढतो खाडीत, गोड्या-मचूळ पाण्यात, अलिबाग-पेणकडं तर लोक तळ्यांत पाळतात, पण वीण करायला तो खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात उतरतो, खारटपणा साधारण २८ च्या वर लागतो. तो अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमाराला अंडी सोडतो म्हणजे भरतीचं पाणी अंडी-पिल्लं आत कांदळवनात घेऊन जातं, तिथं लपायला जागा आणि खायला बारीक किडे. हिलसा बरोबर उलटा. वाढतो समुद्रात आणि पावसाळ्यात नदीला लाल पाणी आलं की वर चढून गोड्या पाण्यात अंडी घालतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत पुलसा हे नाव विचारा, गोदावरीच्या पुरात चढलेला हिलसा म्हणजे पुलसा, त्यासाठी मंगळसूत्र विकायला लागलं तरी चालेल अशी म्हण आहे तिकडं. हा मासा पाण्याचा गोडेपणा आणि लोंढ्याचा जोर ओळखत वर येतो, आणि धवळेश्वरमच्या बंधाऱ्याशी येऊन अडतो. कृष्णेत विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजला तेच, गंगेत १९७५ च्या फरक्का बॅरेजनंतर वरच्या भागात हिलसा जवळजवळ दिसेनासा झाला.

इथं सोलापूरचा थेट संबंध येतो, लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून सांगतो. आपली भीमा पुढं कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. उजनीत आपण पाणी अडवतो, ते गरजेचं आहे, दुष्काळी जिल्हा आहे आपला, मी त्याच्या विरोधात नाही. पण भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात अशी धरणं शेकड्याने झाली की खाली समुद्राच्या तोंडाशी पोचणारं गोडं पाणी कमी होतं, त्रिभुज प्रदेशातला खारटपणा बदलतो, गाळ कमी येतो आणि खाडीत वीण करणाऱ्या, वाढणाऱ्या सगळ्या जातींवर परिणाम होतो. ऊस किती लावायचा हे ठरवताना कुणी हिलशाचा विचार करणार नाही हे मला कळतं, पण संबंध खराच आहे.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते म्हणजे पाऊस, वारा आणि खाद्य. तुमच्या गाबोळीचं उत्तरही यातच आहे.

जून आला की नैऋत्य वारे सुटतात. पश्चिम किनाऱ्यावर पृष्ठभागाचा प्रवाह दक्षिणेकडं वाहायला लागतो, हिवाळ्यात तो उत्तरेकडं असतो. वाऱ्यामुळं आणि प्रवाहामुळं किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालून थंड पाणी वर येतं. केरळ, दक्षिण कर्नाटकात हे जोरात होतं, गोव्याच्या वर येता येता कमी होत जातं. खालच्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट भरपूर, म्हणजे खतच ते, वर उजेडात आलं की सूक्ष्म वनस्पती, विशेष करून डायटम, प्रचंड वाढतात. पाण्याचा रंग बदलतो, उपग्रहातूनही दिसतो. त्यांच्यावर कोपेपॉडसारखे बारीक जीव वाढतात, आणि हेच माशाच्या पिल्लाचं पहिलं अन्न. तारली केरळ-कर्नाटकाच्या पट्ट्यात मान्सून सुरू होतानाच वीण करते, पिल्लं बाहेर पडतात तोवर ताट वाढलेलं असतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला छोट्या तारलीचे थवे किनाऱ्याला लागतात. बांगड्याची वीण जास्त लांबते, तो टप्प्याटप्प्याने अंडी सोडतो, पण पावसाळ्याच्या आसपास जोर असतो. म्हणून तुम्हाला गाबोळीवाला मासा पावसाळ्याच्या आधी आणि बंदी उठल्यावर ऑगस्टमधे जास्त दिसतो. सगळ्यांचं तसं नाही, जातीप्रमाणे महिने बदलतात, एकाच पेटीत एक मासा गाबोळीने भरलेला आणि दुसरा रिकामा असंही होतं.

पिल्लाला पहिलं अन्न वेळेत मिळणं किती महत्त्वाचं हे नॉर्वेच्या योहान योर्टने १९१४ मधेच मांडलं होतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते, ती दोन-चार दिवसांत संपते, त्यानंतर तोंडासमोर अन्न नसेल तर ते मरतं. पुढं इंग्लंडच्या डेव्हिड कुशिंगने सांगितलं की अन्न वाढण्याचा काळ आणि पिल्लं निघण्याचा काळ जुळला तर ते वर्ष माशांचं, चुकला तर पुढची दोन-तीन वर्षं जाळी रिकामी. एक सुरमई लाखांनी अंडी घालते, त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मोठी होतात, त्यामुळं जगण्याच्या टक्केवारीत जरासा फरक पडला तरी बाजारात तो ट्रकच्या हिशोबाने दिसतो.

पण वारा जास्त झाला तरी घात होतो. १९७० च्या दशकात रूबेन लॅस्करने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दाखवलं की अँकोव्ही या छोट्या माशाच्या पिल्लांना अन्नाचा दाट थर लागतो, वादळाने तो थर विस्कटला की अन्न तेवढंच असूनही पिल्लं उपाशी मरतात, कारण त्यांना एका घासासाठी फार शोधायला लागतं. १९८९ मधे क्युरी आणि रॉय यांनी अशा वर येणाऱ्या पाण्याच्या किनाऱ्यांचा हिशोब मांडला, सेकंदाला ५-६ मीटर वारा असेल तिथवर पिल्लं वाढतात, त्याच्या पुढं घटतात. अँड्र्यू बाकुनने नंतर हे तीन गोष्टींत बसवलं: पाण्यात खत यावं, अन्न एके ठिकाणी साठावं, आणि पिल्लं त्या जागेतून बाहेर वाहून जाऊ नयेत. तिन्ही एकत्र मिळणाऱ्या जागा समुद्रात कमीच असतात, आणि म्हणूनच जगभरातले मासे मोजक्याच ठिकाणी गर्दी करतात. आमच्या सर्व्हेत बारीक जाळं ओढलं की बहुतेक ठिकाणी अंडी अगदी तुरळक, आणि मग कुठंतरी दोन पाण्यांच्या सीमेवर, जिथं फेस आणि काडीकचरा रेघेत जमतो, तिथं एकदम खच पडलेला. बोटीवरचे जुने तांडेल ती रेघ लांबून ओळखायचे, यंत्र पाण्यात सोडायच्या आधी.

ऑक्सिजनचं थोडक्यात सांगतो. खालून वर येणाऱ्या थंड पाण्यात खत असतं तसा ऑक्सिजन फार कमी असतो. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरला, गोवा-कर्नाटकाच्या उथळ समुद्रात तळाशी ऑक्सिजन जवळजवळ संपतो, तेव्हा तळाचे मासे किनाऱ्याकडं किंवा वर सरकतात. म्हणजे जे पाणी पिल्लाला खायला घालतं तेच तळाला राहणाऱ्या माशाची जागा काढून घेतं.

तळाला अंडी चिकटवणाऱ्यांचं गणित अजून वेगळं. हेरिंग या थंड समुद्रातल्या माशाला स्वच्छ खडी लागते, तिच्यावर गाळ बसला की अंडी गुदमरतात. हेकरू या खडकाळ जागी राहणाऱ्या माशाच्या बऱ्याच जाती पौर्णिमेच्या आसपास खडकांच्या कडेला जमतात आणि वर्षानुवर्षं तीच कडा वापरतात. इथं जागा खरंच नकाशावर ठिपका देऊन दाखवता येते, आणि मच्छीमाराला ती कळली की काही हंगामांत अख्खा थवा संपतो, कॅरिबियनमधे नासाऊ हेकरूचं तसंच झालं.

सगळं पाण्यावरच ठरतं असंही मी म्हणणार नाही. नॉर्वेच्या हेरिंगचा साठा १९६० च्या दशकाअखेर कोसळला आणि त्यानंतर तिच्या फिरण्याच्या आणि वीण करण्याच्या जागाच बदलल्या. वयस्क मासे वाट दाखवतात आणि कोवळे त्यांच्या मागं जातात याला चांगला आधार आहे. म्हातारे मासे संपले की वहिवाट मोडते, मग पाणी कितीही चांगलं असो. त्यात मोठी मादी वजनाच्या मानाने खूप जास्त अंडी देते, दोन किलोची एकच मादी एकेक किलोच्या दोघींपेक्षा भारी पडते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, तेवढीच जागा बंद का करत नाही. वर सांगितलं तसं तारली, बांगड्यासारख्यांची जागा पाण्यासोबत सरकते. एका वर्षी जिथं अंडी सापडली तिथं पुढच्या वर्षी पाऊस उशिरा आला, वारा कमी पडला, की नाहीत. केरळात २०१२ ला तारली जवळजवळ ४ लाख टन मिळाली, आणि २०२१ ला साडेतीन हजार टनांच्या आत आली, मधे २०१५-१६ चा मोठा एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापून जगभरचं हवामान बदलतं ती घटना) होता, पाणी तापलं होतं. गेल्या काही दशकांत तारली आणि बांगडा उत्तरेकडं आणि पूर्व किनाऱ्यावरही पसरलेत, म्हणजे विणीचा पट्टाच सरकतोय. अशा माशासाठी चार ठिपके बंद करून भागत नाही, वेळ बंद करायला लागते. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ६१ दिवसांची बंदी आहे, त्यात खवळलेल्या समुद्रात माणसं जाऊ नयेत हाही हेतू आहे. ही बंदी सगळ्या जातींना सारखी उपयोगी पडत नाही हे खरंय, काहींची वीण बंदीच्या बाहेर होते. बांगलादेशात हिलशासाठी ऑक्टोबरात पौर्णिमा-अमावस्येचा हिशोब करून २२ दिवस वेगळी बंदी ठेवतात, माझ्या मते आपल्याकडंही पापलेटसाठी तसा वेगळा विचार व्हायला हवा. आणि खाडीची तोंडं, कांदळवन, खडकांच्या कडा या न हलणाऱ्या जागा मात्र बाराही महिने जपायला पाहिजेत, तिथं तुमची सूचना शंभर टक्के बरोबर आहे.

धंद्याचं म्हणाल तर गाबोळीवाला मासा विकला म्हणून स्वतःला दोष लावून घेऊ नका. त्या माशाची एक वीण गेली हे खरं, पण तो निदान मोठा तरी झाला होता. मला जास्त काळजी वाटते ती तळहातापेक्षा लहान पापलेटची, जी डोळ जाळ्यांत (एका जागी रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांत) सापडतात आणि स्वस्तात आपल्याकडं पाठवली जातात, कारण त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. २०२३ ला पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडायची कमीत कमी लांबी ठरवली, पापलेटला १३५ मिलीमीटर, बोंबलाला १८०. वजनकाट्याजवळ एक मोजपट्टी ठेवा. पेटी उघडली की चार-पाच मासे मोजा, आणि लहान निघाले तर व्यापाऱ्याला फोनवर सांगा की असला माल पुढच्या गाडीत नको.